पिपरगुड्याचा साग

५ नोव्हेंबर २००७, सोमवार

आज नोकरी लागली! सदुसष्टाव्या वर्षी. आणि तीही पुण्यात, जिथे गाडी लावायला झाडाची सावली मिळाली तरी लोक जंगलात जाऊन आल्यासारखे खूश होतात.

आमच्या लेकीच्या, मैत्रीच्या कंपनीत राकेश म्हणून एक मुलगा होता. कॉम्प्युटर सोडून आता लाकडाच्या प्रमाणपत्रांचं काम करतो. म्हणजे असं — तिकडे जर्मनीत माणूस खुर्ची विकत घेताना विचारतो, हिचं लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं, की कुणी ओरबाडून आणलेलं? झाड तुटल्यापासून खुर्ची होईपर्यंत ते लाकूड मधल्या प्रत्येकाने वेगळं ठेवलं, हे दाखवावं लागतं. मग एक परदेशी संस्था तपासणी करून शिक्का देते. त्या तपासणीची तयारी राकेश करून देतो. त्याला जंगल माहीत नाही. मला जंगलाशिवाय दुसरं काही माहीत नाही. जमलं!

घरी आमच्या सौ. सुंदराबाईंना सांगितलं. "काऊन जी, घरात काही कमी हाय का?" म्हणाल्या. जरा वेळाने विचारलं, "डबा किती वाजता लागंल?" म्हणजे परवानगी मिळाली.

१४ नोव्हेंबर

ऑफिस शनिवार पेठेत, एका जुन्या इमारतीच्या माडीवर. खाली मालक यज्ञेश्वर जोशी, पोस्टातून निवृत्त. जिन्याशी अडवलं.

"कुठे?"

"वर. लाकडाच्या प्रमाणपत्राचं ऑफिस."

"लाकडाचं? पास झालं का नापास?"

"अजून तपासतोय."

"आमच्या जिन्याचंही बघा मग. गेली वीस वर्षं नापास आहे." आणि पेपर पुन्हा वर.

माणूस आवडला. पुण्यात येऊन नऊ वर्षं झाली, पण अशी माणसं हडपसरच्या आमच्या इमारतीत नाहीत. तिथे सगळे लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघतात. मैत्रीने फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरचा पोरगा दारावर थाप मारून म्हणाला होता, "टीक फिनिश आहे काका." मी नखाने कोपरा खरवडला. आत भुसा! मैत्री म्हणाली, "बाबा, प्लीज."

२२ नोव्हेंबर

धायरीला बापूरावांच्या कारखान्यात गेलो. स्टूल, पाट, मुलांच्या खुर्च्या बनवतात. जर्मन गिऱ्हाईक मिळालंय, शिक्का हवाय. मागच्या महिन्यात राकेशने त्यांना समजावलं होतं की प्रमाणित लाकडाच्या प्रत्येक फळीला हिरव्या रंगाचा पट्टा मारा, म्हणजे साध्या लाकडात मिसळणार नाही.

आज बघतो तर सगळा कारखाना हिरवा! सागाच्या फळ्या हिरव्या, बाभळीच्या हिरव्या, पॅकिंगची आंब्याची खोकी हिरवी. एक शिडीसुद्धा.

बापूराव हात जोडून उभे. "सायेब, तपासनी हाय म्हनून समद्या पोरांनी रातभर रंगवलं. एक बी फळी सुटली न्हाई!"

राकेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मात्र हसून हसून खाली बसलो. मग पोरांना बसवून सांगितलं — पट्टा म्हणजे गणवेश नव्हे रे, नाव आहे. सगळ्यांना एकच नाव ठेवलं तर हाक कुणाला मारायची? पटलं त्यांना. उद्यापासून रंधा मारून पट्टे काढणार.

तिथेच एका ओंडक्याचा ताजा काप होता. खाली वाकून वास घेतला. कोऱ्या चामड्यासारखा, जरा तेलकट. कापाला हात टेकून डोळे मिटले. किती वर्षं झाली हा वास घेऊन! बापूरावांना वाटलं चक्कर आली. चहा मागवला.

२३ नोव्हेंबर

वास डोक्यातून जात नाही. लिहून काढतो म्हणजे जाईल.

पिपरगुडा. चंद्रपुराच्याही पलीकडे, पहिली नेमणूक, वनरक्षक. दोन खोल्यांचा क्वार्टर, शेजारी ओढा, पलीकडे दहाबारा घरांचं गाव. सुंदरा नवी नवरी. पहिल्या दिवशी क्वार्टरच्या ओट्यावर अस्वलाची विष्ठा! मी घाबरलो, तर ही म्हणे, "सारवून घेतो ना, त्यात का?" असली बायको.

गावातली बायडाबाई आमची मजूरही आणि सासूही. तिने हिला बांबूचे कोवळे कोंब शिजवायला शिकवलं. वास्ते म्हणतात तिकडे. मोहफुलं वेचायला पहाटे दोघी जायच्या. सागाची कोवळी पानं चोळली की हात लाल होतात. बाजारातून मेंदी आणणार कोण, तर ही तीच पानं चोळून बसायची आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरायची. कुऱ्हाडीच्या पाठीला सरकारी छापा असलेला हातोडा मी तोडीच्या झाडांवर मारायचो, ठण्‌ करून. तो आवाज डोंगरावरून परत यायचा. त्या दोन खोल्यांत होतो तेवढा सुखी मी पुढे कुठेच नव्हतो. रेंजर झालो, जीप मिळाली, बंगला मिळाला — नाही.

हिला आज म्हणालो, वास्ते मिळतात का बघतो मंडईत. म्हणाली, "मिळन तर आना. नाई तर मंडई उचलून आनसाल."

६ डिसेंबर

सकाळी स्टेशनजवळ पुतळ्यापाशी जाऊन आलो. मैत्रीही आली, रजा काढून. गर्दीत तिने माझा हात धरला होता, लहानपणी मी तिचा धरायचो तसा. बरं वाटलं.

१८ डिसेंबर

राकेश आज उड्या मारत आला. "काका, मोठं काम! सगळं जंगलच तपासणीला येतंय! आधी पूर्वतपासणी." फाइल पुढे ठेवली.

पिपरगुडा परिक्षेत्र.

मी चष्मा पुसला. तेच. नकाशावर ओढा, गाव, क्वार्टरची जागा. राकेश बोलत होता, मी पानं उलटत होतो. तोडीच्या तक्त्यात सापडलं — ओढ्याकाठचं साग रोपवन, लागवड १९६३. अंतिम तोड, २००८-०९.

म्हणजे पुढच्याच हिवाळ्यात.

चूक काहीच नाही. पंचेचाळीस वर्षांचा साग, तोडीची पाळी आली, तोडायचं, पुन्हा लावायचं. जंगल राखणं म्हणजे झाड न तोडणं नव्हे, हे मीच महिनाभर राकेशला शिकवतोय. परवाच त्याला म्हणालो, "झाडाला मिठी मारणाऱ्यांनी जंगल कधी वाढवलं नाही." फार शहाणा मी!

घरी काही बोललो नाही. जेवलो नाही नीट. ही म्हणाली, "शनवारपेठेत काय भजे खाल्ले का?" हो म्हणालो.

१९ डिसेंबर

कुणालाच कधी सांगितलेलं नाही. या वहीलाही नाही. मैत्रीला माहीत नाही की तिच्याआधी कुणी होतं.

त्रेसष्टचा पावसाळा. रोपवनाची लागवड चालू. पहारीने भोक पाडायचं, सागाची जडी, म्हणजे रोपाच्या मुळाचा तुकडा, आत सरळ घालायची, टाचेने दाबायचं. दिवसभर तेच. ओढ्याला पूर, आठवडाभर पलीकडे जाता येईना. आमची मुलगी तेव्हाच झाली, आणि थोडेच दिवस राहिली. नावही ठेवलेलं नव्हतं. ताप कसला होता, शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर पुराच्या पलीकडे.

बायडाबाई म्हणाली, एवढ्या लहानाला जाळत नाहीत, मातीला द्यायचं आणि वर झाड लावायचं. त्यांच्या गावाची रीत. मी रोपवनाच्या कडेला, ओढ्याच्या बाजूने, मोठ्या वारुळापासून थोडं आत खड्डा केला. माझे हात चालेनात. मग पहार बायडाबाईनेच घेतली. जडी सुंदराने लावली. टाचेने दाबायची असते, तिने हाताने दाबली.

सागाने पुढच्या वर्षी डोक्याइतकी उंची गाठली. मी एकाहत्तरमध्ये पहिली विरळणी केली — दाटी झालेली झाडं काढायची, चांगली ठेवायची. खुणा करणारा मीच होतो. त्या झाडाला पांढरा पट्टा मारला. नमुन्याचं झाड असलं की असा पट्टा मारतात, मग त्याला कुणी हात लावत नाही. नमुना कसला! पण पट्टा मारला. मग बदली झाली. मेळघाट, धुळे, नाशिक. पुन्हा पिपरगुड्याला गेलो नाही. पाय वळला नाही आणि तिकडचं वातावरणही बिघडत गेलं. झाड उभं आहे, एवढं मला पुरत होतं.

पावसाळ्यात कधीतरी मी विषय काढतो. आता कवेत मावत नसेल, म्हणतो. ती "हो" म्हणते आणि आत जाते. एवढंच आमचं बोलणं. ते झाड पडलं तर तिला काय वाटेल, याचा विचारच करवत नाही.

३० डिसेंबर

मंडईत वास्ते नाहीत. मंडईवाल्याने विचारलं, "ते कोणत्या देशात खातात?"

४ जानेवारी २००८

पूर्वतपासणीला पथकाच्या मुख्य म्हणून शिक्का देणाऱ्या संस्थेच्या शर्मिला परांजपे येणार. आज ऑफिसला भेटायला आल्या. चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं मोजकं. राकेशने ऐटीत सांगितलं की काकांना स्थानिक तज्ज्ञ म्हणून तुमच्या पथकात घ्या, यांनी तिथे नोकरी केलीय.

"म्हणूनच नाही घेता येणार," म्हणाल्या. "स्वतः लावलेलं जंगल स्वतः कसं तपासणार? पण तुमचं म्हणणं आम्ही ऐकू शकतो. तिथे राहिलेल्या कुणाचंही."

मी विचारलं, कशाबद्दल?

"लोकांना महत्त्वाच्या असलेल्या जागा. देवस्थान, पाणवठा, स्मशान. त्या नोंदवायच्या आणि तोडीतून वगळायच्या, असा नियमच आहे."

नियमच आहे! मला हसू आलं. नोकरीत दरवर्षी अशा रकान्यात मी, माझ्या आधीच्याने, नंतरच्याने, सगळ्यांनी एकच शब्द लिहिलाय — निरंक.

त्या गेल्यावर जिना उतरताना यज्ञेश्वर म्हणाले, "आज रंग उडालाय तुमचा. लाकूड नापास झालं वाटतं." म्हणालो, अजून निकाल नाही.

९ जानेवारी

लिहायला बसलो. 'सविनय कळवण्यात येते की' — खोडलं. 'एक सागाचं झाड' — खोडलं. आयुष्यभर रिपोर्ट लिहिले, वणव्याचे, चोरीचे, वाघाने मारलेल्या गायीचे. आणि हे एक पान होईना.

शेवटी साधं लिहिलं. इथे आमची मुलगी आहे. तिच्यावर हे झाड आहे. बाकी सगळं रोपवन खुशाल तोडा, तोडलंच पाहिजे. हे एक ठेवा. जागेची खूण खाली दिली आहे.

दुपारी शर्मिलाबाईंना नेऊन दिलं. त्यांनी माझ्यासमोर वाचलं. पाणी दिलं मला. म्हणाल्या, "हे मी मांडणार. एका झाडाने कुणाचं प्रमाणपत्र अडत नाही, उलट असंच तर बघायचं असतं."

रिक्षात बसलो आणि रडलो. रिक्षावाल्याने आरशात बघून गाणं बंद केलं.

१५ जानेवारी

तिळगूळ. ही म्हणाली, "गोड बोला म्हणतात, तुमी तर बोलतच नाई." खरं आहे.

२० जानेवारी

धायरीच्या बापूरावांना शिक्का मिळाला! पेढे घेऊन हडपसरपर्यंत आले. "सायेब, आता फकस्त खऱ्यालाच हिरवं हाय." त्यांनी एक लहान पाट दिला, सागाचा. सुंदराने उलटा-सुलटा करून बघितला, नाकाशी नेला, आणि बराच वेळ हातातच धरून बसली. मी विचारलं काय झालं. "काही नाई. वास हाय," म्हणाली.

२७ जानेवारी, रविवार

शर्मिलाबाईंचा फोन. पथक पुढच्या महिन्यात जातंय. तुमचं निवेदन मी धरलंय, पण एक राहिलं, म्हणाल्या. "जागा आई-वडील दोघांची. काकूंशी बोलल्याशिवाय मी ते नोंदवू शकत नाही. त्यांना सांगितलंय ना तुम्ही?"

"हो," म्हणालो.

"मग मी येते घरी. दहा तारखेला, दुपारी. चालेल?"

चालेल म्हणालो! दुसरं काय म्हणणार? तोडीचं हिला माहीतच नाही. मी मनात ठरवलं होतं की आधी झाड वाचवायचं, मग सांगायचं. म्हणजे वाईट बातमी आणि चांगली बातमी एकाच वेळी देता येईल. आता फक्त वाईट हातात आहे.

३ फेब्रुवारी

सांगणार होतो. तिचा गुडघा दुखत होता. राहिलं.

६ फेब्रुवारी

सांगणार होतो. मैत्री जेवायला घरी होती. ऑफिसात कुणाकुणाला अमेरिकेला पाठवताहेत, ती जाईल की नाही, तेच बोलणं. मी मध्येच विचारलं, "तू गेलीस तर इथे आम्ही कसले राहिलो?" रागावली. "बाबा, असं इमोशनल नका ना करू." तिची आई तिला वाढत होती. एकदम म्हणाली, "जाऊ दे तिले. लेकरू कुठं का असंना, असलं म्हणजे झालं."



९ फेब्रुवारी, शनिवार

उद्या बाई येणार. सकाळी चहाच्या वेळी सांगायचं. वाक्यही ठरवलं — "सुंदरा, ते रोपवन तोडीला आलंय, पण आपलं झाड मी वाचवतोय." एवढंच. वणव्यात शिरलोय मी, चोरट्यांच्या बंदुकीसमोर उभा राहिलोय. आणि या एका वाक्याला भितोय.

राकेश म्हणाला, काका, प्रमाणपत्र मिळालं की आपण सगळे पिपरगुड्याला जाऊ, काकूंनाही नेऊ, तुमचं झाड दाखवा आम्हाला. दाखवू म्हणालो. कवेत मावणार नाही आता. तिघांना हात धरावे लागतील.

१० फेब्रुवारी

सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"ते झाड नाई जी आता. चौऱ्याऐंशीलेच गेलं. मी भाचीच्या लग्नाले गेलती ना, तवा बायडाबाईच्या सुनेले घेऊन गेली. तुमचा तो पट्टा-बिट्टा काही नाई, निस्ता खुंट. तिथंच बसली. डबा होता, तो खाल्ला. आन आली."

चोवीस वर्षं! मी ओरडलोच जवळजवळ — मला का नाही सांगितलंस?

तिने काड्या बाजूला केल्या, पानं परातीत टाकली.

"तुमी दरसाल म्हनता, यंदा येवढं झालं असंल. मी म्हनलं, वाढू द्या."